दिरहमची कमाई, रुपयातले म्हातारपण

रत्नागिरी, चिपळूण, दापोलीपासून थेट गोव्यापर्यंत गल्फच्या पगारावर उभी राहिलेली असंख्य घरे आहेत. अमेरिकेत किंवा युरोपात गेलेल्यांना तिथे कायमचे राहण्याची वाट निदान खुली असते. दुबई, शारजा, अबुधाबीत पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या बहुतेकांना मात्र नोकरी संपली की परत यावेच लागते. ५५ वर्षांवरील लोकांसाठी निवृत्ती व्हिसा आहे, पण त्यासाठी दहा लाख दिरहमची मालमत्ता किंवा तेवढी शिल्लक, नाहीतर दरमहा मोठे नियमित उत्पन्न दाखवावे लागते. साध्या पगारदाराचे म्हातारपण गावीच जाणार आणि तेही रुपयात. म्हणून त्याची तयारी पगार चालू असतानाच व्हायला हवी.

ग्रॅच्युइटी म्हणजे पेन्शन नव्हे

अमिरातीतली सरकारी पेन्शन तिथल्या व शेजारच्या आखाती देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय कामगाराच्या हाती पडते ती नोकरीअखेरची ग्रॅच्युइटी. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त नाही. हा पगार म्हणजे फक्त बेसिक. घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते त्यात धरत नाहीत.

एक हिशेब मांडून पाहू. एकूण पगार ७,००० दिरहम, त्यात बेसिक ४,०००. एकाच कंपनीत २० वर्षे झाली तर पहिल्या पाच वर्षांचे १४,००० आणि नंतरच्या पंधरा वर्षांचे ६०,००० असे ७४,००० दिरहम मिळतात. दिरहमला २२ रुपये धरले तर सव्वासोळा लाखांच्या आसपास. गावी महिन्याचा खर्च ४०,००० रुपये असेल तर ही रक्कम साडेतीन वर्षेही पुरत नाही. मधे नोकरी बदलली की मोजणी पुन्हा २१ दिवसांपासून सुरू होते आणि मधली ग्रॅच्युइटी बहुधा घराच्या स्लॅबमध्ये किंवा लग्नात जाते. ती वेगळी ठेवली पाहिजे, हे मी आग्रहाने सांगेन.

याउलट दरमहा १,००० दिरहम २० वर्षे बाजूला टाकले, तर व्याज न धरताही २,४०,००० दिरहम होतात. त्याच दराने साधारण ५३ लाख रुपये. खरा आधार या रकमेचा, ग्रॅच्युइटी तिच्यावरची भर.

पैसा कोणत्या खात्यात

नोकरीसाठी परदेशी गेल्यावर गावातले जुने बचत खाते तसेच चालवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावे लागते. भाडे, भारतातले व्याज अशी इथली कमाई त्यात जमा होते आणि त्यातल्या व्याजावर कर कापला जातो. परदेशातून आलेला पगार एनआरई खात्यात ठेवावा. त्याचे व्याज भारतात करमुक्त असते आणि पैसा केव्हाही परत बाहेर नेता येतो. एफसीएनआर ही परकीय चलनातली मुदत ठेव, एक ते पाच वर्षांची.

जुने पीपीएफ खाते मुदत पूर्ण होईपर्यंत चालवता येते, नवे उघडता येत नाही. एनपीएस ही पेन्शन योजना मात्र परदेशस्थ भारतीयांनाही खुली आहे. दुबईत कमिशनवर विकल्या जाणाऱ्या वीस-पंचवीस वर्षांच्या बचत योजनांपासून जपावे. मधेच नोकरी गेली आणि हप्ता थांबला, तर भरलेल्या पैशाचा मोठा भाग शुल्कात जाऊ शकतो.

आंब्याची बाग

कोकणातल्या माणसाची बचत जमिनीकडे वळते, आणि इथेच कायदा आडवा येतो. परदेशस्थ भारतीयाला घर, फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाने मिळू शकते आणि जाण्यापूर्वी घेतलेली ठेवताही येते. मग पैसे पाठवून बाग भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावावर घेतली जाते. सातबारावर ज्याचे नाव तोच मालक. पुढे वाटणीचा प्रश्न आला की पैसे आपण पाठवले होते, एवढ्यावर हक्क सिद्ध होत नाही. वर बेनामी व्यवहाराचा ठपका येऊ शकतो. बाग घ्यायचीच असेल तर कायमचे परत आल्यावर, स्वतःच्या नावावर, शेतकरी असल्याची अट तपासून घ्यावी.

परतण्याचे वर्ष

कायमचे परत आल्याचे बँकेला लगेच कळवावे. एनआरई खाते निवासी खात्यात बदलावे लागते किंवा रक्कम आरएफसी, म्हणजे रहिवाशाच्या परकीय चलन खात्यात वळवता येते. कायमचे परतल्यावर एनआरई ठेवीच्या व्याजाची करसवलत संपते, हे अनेकांना माहीत नसते. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्या माणसाला परतल्यावर साधारण दोन, कधी तीन वर्षे आरएनओआर हा करापुरता रहिवासाचा दर्जा मिळतो. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर सहसा भारतात कर नसतो आणि एफसीएनआर ठेवीचे व्याजही करमुक्त राहते. म्हणून परतीच्या आधीच्या वर्षात काही रक्कम एफसीएनआरमध्ये ठेवणे शहाणपणाचे. साठी उलटली असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत गुंतवता येतात, पण भारतात रहिवासी झाल्यावरच.

विमा आणि वारस

कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. भारतात नवी पॉलिसी घेतल्यास आधीपासूनच्या मधुमेह, रक्तदाबासारख्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून परतीच्या किमान तीन वर्षे आधी भारतातली पॉलिसी सुरू करावी, तिथला विमा चालू असला तरी.

अमिरातीत खातेदार गेला की बँक खाते गोठवले जाते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय घरच्यांना पैसे मिळत नाहीत. तिथल्या मालमत्तेसाठी तिथे नोंदवलेले मृत्युपत्र हवे, इथल्या प्रत्येक खात्यावर नॉमिनी हवा, आणि दोन्हींचे कागद कुठे आहेत हे घरातल्या बाईला माहीत हवे.