रिकाम्या प्रेषकाची मेल अडवू नका!

बेंगळुरूत स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या मराठी मित्रांनो, स्पॅम रोखण्याच्या नादात प्रेषकाचा पत्ता रिकामा (<>) असलेली प्रत्येक मेल नाकारली जात नाही ना, हे आजच बघा.

मेल पोहोचली नाही की तसं कळवणारा निरोप (बाउन्स) याच रिकाम्या पत्त्यावरून येतो. तो पत्ता मुद्दाम रिकामा असतो. तिथे खरा पत्ता असता, तर न पोहोचलेल्या निरोपाबद्दल पुन्हा निरोप गेला असता आणि दोन सर्व्हर एकमेकांना उत्तरं देत बसले असते. १९८२ च्या एसएमटीपी मानकातच हा उपाय सुचवलेला आहे. १९८९ पासून तर असा पत्ता स्वीकारणं बंधनकारक आहे.

तुमचा मेल सर्व्हर पोस्टफिक्स असेल, तर तो मुळात या मेल घेतो. गडबड बहुधा आपणच लिहिलेल्या प्रेषक-यादीत असते, तिथली <> ची नकाराची ओळ काढा. खोट्या बाउन्सचा त्रास असेल, तर रिकामा प्रेषक आणि एकाहून जास्त प्राप्तकर्ते असलेल्या मेल तेवढ्या नाकारा. खऱ्या बाउन्सला प्राप्तकर्ता एकच असतो.

तपासणी बाहेरच्या मशीनवरून, पोर्ट २५ वर करा. रिकाम्या 'मेल फ्रॉम' ला २५० (होकार) आलं म्हणून थांबू नका. पोस्टफिक्स नकार सहसा 'आरसीपीटी टू' नंतरच देतो, तिथेही २५० आलं पाहिजे.