गन मारत नाही, पाहते

समजा, नांदेड, हिंगोली आणि नागपूरकडचे रस्ते मिळतात त्या वारंगा फाट्यावरच्या एका घरात, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून १९९०च्या दशकातला टीव्ही गेम निघाला. बाबांना लहानपण आठवले. त्यांनी तो नव्या सपाट टीव्हीला जोडला, कॅसेट बसवली. मारिओ उड्या मारू लागला. मग बदकांचा गेम लावून मुलीच्या हाती गन दिली. नेम अचूक, पण एकही बदक पडेना. गन बिघडली का?

आधी हे सांगा : घोडा दाबल्यावर गनमधून काय निघते? वर्गात विचारून पाहा. ‘किरण’ असे उत्तर हमखास येईल. प्रत्यक्षात काहीच निघत नाही. गनच्या नळीत भिंग आणि प्रकाश ओळखणारा घटक असतो. गन म्हणजे समोरचा एवढासा भाग पाहणारा डोळाच!

हा खेळ निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८४ साली आणला. आपल्याकडे घरोघरी आल्या त्या तिच्या फॅमिकॉम (१९८३) यंत्राच्या स्वस्त नकला. मूळ यंत्राची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट. गन कुठे रोखली आहे, हे ते वेळेवरून ओळखते. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो. पुढच्या चित्रात पहिल्या बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, त्यानंतरच्या चित्रात दुसऱ्याच्या जागी. आपल्याकडच्या डबा टीव्हीवर सेकंदाला ५० वेळा पडदा रंगे, म्हणजे दर खेपेला २० मिलिसेकंद. ज्या खेपेला गनला उजेड दिसेल, ते बदक पडले. काळ्या पडद्यातही उजेड दिसला, तर गन दिव्याकडे रोखली असे समजून नेम फुकट!

डबा टीव्हीत संदेश येताच इलेक्ट्रॉनांचा झोत पडदा रंगवतो. सपाट टीव्ही मात्र चित्र आधी साठवतो, त्यावर प्रक्रिया करतो, मग दाखवतो. चौकोन दिसेपर्यंत यंत्राची तपासणी संपलेली असते. गन बिघडलेली नाही. चित्र उशिरा पोचते.

हे वर्गात करून पाहा. तीन विद्यार्थ्यांना पांढरे कागद देऊन ओळीने उभे करा. दर टाळीला एकानेच, क्रमाने, कागद वर करावा. चौथ्याने कागदी नळीतून एकाच जागी पाहावे आणि पांढरे दिसताच ‘आत्ता!’ म्हणावे. नेम कोणावर होता, हे वर्ग टाळी मोजून सांगेल. आता त्याला एक टाळी उशिरा बोलायला सांगा, उत्तर चुकेल. डोळ्यातून किरण निघतात म्हणून आपल्याला दिसते, हा मुलांचा गैरसमजही येथेच दूर करता येईल.

म्हणून जुना खेळ जपायचा, तर डबा टीव्हीही भंगारात देऊ नका. तो उघडू मात्र नका. बंद असला तरी आत उच्च दाबाची वीज साठलेली असू शकते.