अंगणात आलेली शाळा

१९८०च्या दशकात माझी बदली डहाणूच्या बाजूला एका छोट्या शाखेत झाली होती. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटण्याचे ते दिवस. कर्जातून घेतलेले जनावर खरोखरच गोठ्यात आहे ना, त्याच्या कानातला विम्याचा बिल्ला जागेवर आहे ना, हे पाहण्यासाठी आठवड्यातून एकदोनदा पाड्यांवर जावे लागे. अशाच एका पडताळणीच्या वेळी आठ-नऊ वर्षांचा एक वारली मुलगा बैलाजवळ उभा असलेला भेटला. वडील मजुरीला गेले होते. मी त्याला नाव विचारले, इयत्ता विचारली, बैल कधी घेतला ते विचारले. मुलगा जमिनीकडे पाहत राहिला. ‘मंद दिसतो,’ असे मी बरोबरच्या शिपायाजवळ पुटपुटलो. शिपाई त्याच भागातला, स्वतः वारली. तो मुलाशी आपल्या बोलीत दोन वाक्ये बोलला मात्र, आणि मुलगा जो सुरू झाला तो थांबेचना. बैल कोणते गवत खातो, कोणते हुंगून सोडतो, चिखलात त्याच्या खुरांना काय होते, त्यावर कशाचा पाला बांधायचा! शिपाई मराठीत सांगत होता आणि मी अहवालात लिहीत होतो. परतीच्या वाटेवर तो एवढेच म्हणाला, “साहेब, त्याला सगळं येतं. तुमचं बोलणं येत नाही.”

त्या वाक्याची लाज मला पुढे बरीच वर्षे पुरली. ज्या प्रश्नावर मी एका शब्दात निकाल देऊन मोकळा झालो होतो, त्याच प्रश्नाशी काही स्त्रिया तेथून जवळच चाळीस वर्षे झुंजत होत्या, हेही मला नंतर कळले. त्यांची हकीकत आपल्यापैकी अनेकांनी शालेय पुस्तकात ओझरती वाचली असेल; परंतु ती थोडी सावकाश वाचण्याजोगी आहे.

ताराबाई मोडक या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि पुढे दादरला त्यांनी शिशुविहार चालविले. शहरी, सुशिक्षित घरांतील मुलांसाठी माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचे त्यांचे काम नावारूपाला आले होते. तेवढ्यावर समाधान मानता आले असते. पण १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि अवघ्या काही महिन्यांत त्यांना वैधव्य आले होते. जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. पुण्यातील स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांचे वय ३५ होते.

तो काळही लक्षात घेतला पाहिजे. १९४५ मध्येच या टापूतील वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची कहाणी आहे. मोठी माणसेच जेथे सावकाराच्या शेतावर बांधलेली, तेथे मुलांच्या शाळेचे काय घेऊन बसावे, असे कोणीही म्हणाले असते.

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातील मुले आली. आदिवासी पाड्यांवरची मुले मात्र येईनात. बोलावून पाहिले, समजावून पाहिले. कारणे शोधू जाता ती अगदी साधी निघाली. पाडा दूर, अंगावर धड कपडा नाही, मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड, मुलगा गुरांमागे. आणि या सर्वांवर ताण म्हणजे गावाची भीती. शाळा बोलते ती भाषा, शाळा मानते ती स्वच्छता, शाळा ठरविते ती वेळ, यांतले काहीच त्या मुलांच्या घरचे नव्हते.

तेव्हा ताराबाईंनी दिशाच उलटी केली. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळेने पाड्यावर जावे. एखाद्या घरासमोरचे अंगण झाडायचे, तेथेच मुले जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. शासनाची एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या पाड्यांवरचे अंगण त्याच्या तीस वर्षे आधीचे.

अंगणातल्या शाळेला माँटेसरीची महागडी लाकडी साधने कोठून परवडणार? अनुताईंनी मग आजूबाजूला पाहिले. बिया, शिंपले, खडे, पाने, फुले, माती आणि बांबू. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत, हे सारे त्यांतून शिकविता येई. पैसे वाचले, ही गोष्ट खरी. पण मला त्यातील दुसरा लाभ अधिक मोलाचा वाटतो. ज्या वस्तूंविषयी मुलाला शिक्षिकेपेक्षा अधिक ठाऊक होते, त्याच वस्तू शिक्षणाचे साधन झाल्या. (वारली घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जे माणूस उमटते, ते दोन त्रिकोण टोकाशी टोक जुळवून. ज्या घरात भूमिती अशी भिंतीवर नांदते, त्या घरच्या मुलाला त्रिकोण ‘शिकवायला’ जाताना आपण जरा जपूनच जावे.)

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि तेथे ते खरे बहरले. येथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी नांदू लागल्या. या रचनेला ‘विकासवाडी’ म्हणत. यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. सात वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कडेवर दीड वर्षाचा भाऊ आहे म्हणून. मग भावाला घेऊनच ये. तो पाळण्यात झोपेल, मधला बालवाडीत खेळेल आणि तू वर्गात बस. मुलीला शाळेत आणण्यासाठी घोषणा करावी लागली नाही, पाळणा बांधावा लागला. गुराख्यांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. मुले गुरे सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षकच कुरणावर जाई. गुरे चरत आणि मुले शिकत. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा भरे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्यावर अनुताईंनी तो भार पुढे वाहिला. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात त्यांनी तो सारा प्रवास लिहून ठेवला आहे.

परंतु टेकडी एक आणि पाडे असंख्य. १९९२ मध्ये अनुताईंचे निधन झाले. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथील कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर मुले भुकेने खंगत होती. अक्षरांआधी अन्न लागते, आणि अन्न पचायलाही मूल आधी जगावे लागते.

जगण्याचा हा प्रश्न राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हाती घेतला. १९८६ मध्ये त्यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. रुग्णालय उभारताना त्यांनी आधी लोकांचेच म्हणणे ऐकले. मोठ्या इमारतीची लोकांना धास्ती वाटते हे कळल्यावर शोधग्राममध्ये आदिवासी गावासारखी घरे उभी राहिली आणि रुग्णालयाला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. तरीही नवजात अर्भके दगावतच होती. बाळंतपणे घरी होत. आजारी बाळाला घेऊन जंगलातून रुग्णालय गाठणे बहुतेकांना शक्य नसे. म्हणून ३९ गावांत तेथल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत, जेथे ही सेवा नव्हती अशा गावांच्या तुलनेत, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले. २०११ पासून देशभरातील ‘आशा’ कार्यकर्त्या अशाच गृहभेटी देतात. बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत, जन्म रुग्णालयात झाल्यास सहा आणि घरी झाल्यास सात.

अंतर मात्र उरलेच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १०.४३ कोटी, म्हणजे ८.६ टक्के. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, हजार जन्मांमागे पाच वर्षांच्या आत दगावणारी मुले देशात सरासरी ४२ आढळली, तर आदिवासी समाजात ५०. वयाच्या मानाने उंची खुरटलेली मुले देशात ३५.५ टक्के, आदिवासींत जवळपास ४१. महाराष्ट्रात २०१५ पासून अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे ताजे जेवण मिळते, पुढे मुलांनाही अंडी किंवा केळी मिळू लागली. योजना चांगली आहे. पण दिवाळीनंतर कुटुंबच वीटभट्टीवर गेले, तर पाड्यावरच्या अंगणवाडीत शिजलेले जेवण कोणाच्या ताटात पडणार? वसई-भिवंडीकडील भट्ट्यांवर स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने १९९०च्या दशकात ‘भोंगाशाळा’ चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची झोपडी. येथेही शाळाच मुलांमागे गेली.

या पार्श्वभूमीवर आश्रमशाळांविषयी दोन शब्द लिहिणे मला भाग आहे. दुर्गम भागातील हजारो मुले या निवासी शाळांमुळेच शिकली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. हेमलकशाला १९७६ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी आश्रमशाळेतून डॉक्टर घडले आहेत. तरीही सहा वर्षांच्या मुलाने घर, आई आणि आपली बोली सोडून यावे, ही किंमत लहान नव्हे. ती किंमत मूल भरते, आणि आपल्या हिशेबात ती कोठेच दिसत नाही.

बोलीची गोष्ट तर विशेषच. महाराष्ट्रातील आदिवासी मुले तीन वेगवेगळ्या भाषाकुळांतून शाळेत येतात. वारली आणि भिली मराठीच्या दूरच्या-जवळच्या बहिणी. गोंडी आणि माडिया द्राविड कुळातल्या. मेळघाटातील कोरकू मुंडा गटातली, म्हणजे नात्याने झारखंडच्या संथाळीजवळची. पाटीवर मात्र सर्वांच्या एकच भाषा. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम १९५६ पासून सांगत आहे. ओडिशाने २००६ पासून सावरा, कुई, जुआंग, संथाळी अशा भाषांतून पहिली पाठ्यपुस्तके काढली. २००३ मध्ये संथाळीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. तिची ओल चिकी लिपी पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये घडविली होती. आपल्याकडे कोरकूत वा माडियात शिकविणारे शिक्षक आजही बव्हंशी स्वतःच्या हौसेवर काम करतात.

निवृत्तीनंतर मध्यंतरी एका कामासाठी त्याच भागातल्या एका शाखेत गेलो होतो. पासबुक छापण्याच्या यंत्रासमोर एक वारली आजी आणि तिची दहा-बारा वर्षांची नात उभी होती. यंत्र सूचना देत होते. मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मुलीने तिन्ही ऐकून घेतल्या, पासबुक उलटे करून आत सरकवले, आणि मग आजीच्या कानाशी वाकून काय झाले ते तिला चौथ्या भाषेत सांगितले.