पणदऱ्याचा गडी, टोकियोची चटई

मी पणदऱ्याचा. लहानपणी तालमीच्या हौद्यात लाल माती खाल्लेली. त्यामुळे टोकियोला फिरायला गेलो, तेव्हा एका छोट्या डोजोत, म्हणजे तिथल्या तालमीत, ज्यूदोचा एक धडा घेतलाच.

वाटलं होतं, पहिल्याच दिवशी डाव शिकवतील. पण तासभर नुसतं पडायला शिकवलं!

याला म्हणतात 'उकेमी'. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि पडताना हाताने चटईवर सपकन थाप मारायची. धक्का विभागला जातो, डोकं वाचतं.

शेवटी 'सेओइ नागे' हा डाव दाखवला. अरे, हा तर आपल्या कुस्तीतल्या धोबीपछाडचा भाऊ! फरक एवढाच, की इथे जाड अंगरख्याची बाही पकडतात.

ज्यूदो तसा नवा. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका मंदिरात 12 चटयांवर तो सुरू केला.

आणखी एक गंमत. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांना कुस्तीत कांस्य मिळालं. त्याच वजनगटात सुवर्ण जिंकणारे जपानचे शोहाची इशिई मूळचे ज्यूदोवालेच!

जपानला गेलात तर एक धडा जरूर घ्या. नखं कापून जा, आत शिरताना वाकून नमस्कार करा.