व्हायोलिनचे माहेर

आमच्या घरी व्हायोलिनला 'ते' म्हणायची सोय नाही. बाबा तिला 'ती' म्हणतात, आणि त्यांच्यामुळे आम्ही सारेच. "ती कुठे आहे?", "तिला पावसात नेऊ नकोस", "तिची पेटी खाटेखाली नको, ओल येते." नवख्या पाहुण्याला वाटावे, या घरात आणखी एक मुलगी आहे.

तिच्या पोटात, डाव्या फटीतून डोकावले की एक पिवळी पडलेली चिठ्ठी दिसते. तीवर लॅटिनमध्ये छापले आहे: 'अंतोनियुस स्त्रादिवारियुस, क्रेमोनाचा, याने केले, वर्ष 1721.' गोव्याला कायमच्या परत निघालेल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून बाबांनी 1969 साली ती हप्त्याहप्त्याने घेतली. आई म्हणते, तिच्या हप्त्यांपायी लग्न दोन वर्षे लांबले.

बाबा मूळचे रत्नागिरीकडचे. गिरगावातल्या आमच्या चाळीजवळ एक गोवेकर मास्तर राहत. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवीत, आणि ती विद्या घेऊन कितीतरी गोवेकर मुंबईस आले. हिंदी चित्रपटांच्या संगीताचा मोठा डोलारा त्यांच्याच खांद्यांवर उभा होता. त्या मास्तरांनी बाबांना पोर्तुगीज धाटणीने 'दो रे मी' शिकवले, आणि बाबा स्टुडिओत जाऊ लागले. एका गाण्याला चाळीस-पन्नास व्हायोलिने बसत तो काळ. बाबा बसत शेवटच्या रांगेत. पंचवीस वर्षे ते तिथेच बसले. मग 1990 नंतर सिंथेसायझरने व्हायोलिनांची रांगच्या रांग एका पेटीत कोंबली, आणि बाबा घरी बसले.

मी त्यांच्याकडूनच शिकले. 2018 साली उंब्रियातल्या एका डोंगरगावी भरणाऱ्या उन्हाळी वाद्यवृंद-उत्सवात मला चार आठवड्यांसाठी जागा मिळाली, तेव्हा बाबा आनंदाने काही बोलले नाहीत. रात्री पेटी उघडून त्यांनी तारा पुसल्या आणि म्हणाले, "इटलीला चाललीच आहेस, तर येताना तिला क्रेमोनाला ने. एकदा माहेर बघू दे तिला."

मुंबईत जुलैचा पाऊस धो धो कोसळत असताना मी विमानात बसले आणि रोमला उतरले ती भाजून काढणाऱ्या उन्हात. तिथून आगगाडी, मग बस. उतारूंनी भरलेल्या त्या बसमध्ये मला पहिला धक्का बसला. थांब्यावर पाटी होती: 'फेर्माता'. आमच्या स्वरलिपीत एखादा स्वर हवा तितका लांबवायचा असला की त्यावर डोळ्यासारखी खूण करतात. तिला आम्ही फेर्माता म्हणतो. इथे फेर्माता म्हणजे बसचा थांबा! मग लक्षात येऊ लागले, की ज्या शब्दांना मी आजवर संगीताचे मंत्र समजत होते, ते या लोकांचे रोजचे शब्द आहेत. 'प्रेस्तो' म्हणजे लवकर. 'आल्लेग्रो' म्हणजे आनंदी. 'कोदा' म्हणजे शेपूट, आणि टपालकचेरीतली रांगसुद्धा. 'स्काला' म्हणजे जिना. आमची व्यवस्था जोगिणींच्या एका मठात होती. पेटी पाठीला लावून मी दगडी जिन्यावरून धावत उतरू लागले, की दारावरची वृद्ध जोगीण हात खाली दाबून सांगे, "पियानो, पियानो!" म्हणजे हळू, बाई, हळू. आयुष्यभर कागदावर वाचलेली आज्ञा कुणीतरी मला प्रथमच मायेने सांगत होते.

पहिल्या दिवशी परीक्षा झाली. एकेकाने आत जायचे, तयार केलेला तुकडा वाजवायचा, मग समोर ठेवलेला अनोळखी कागद वाचून दाखवायचा. संध्याकाळी यादी लागली. माझे नाव दुसऱ्या व्हायोलिनांत होते, अगदी शेवटच्या चौरंगाशी, आतल्या बाजूला. आतल्या बाजूला बसणाऱ्याचे एक हक्काचे काम असते: पाने उलटणे. शेजारचा वाजवत राहतो आणि आपण वाजवणे सोडून पान उलटतो.

रात्री बाबांचा फोन आला. "कुठे बसवलं गं?"

"मध्ये," मी म्हणाले. "मधल्या रांगेत."

"मध्ये चांगलं असतं," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद ऐकून माझा मलाच राग आला.

सकाळी नऊला तालमी सुरू होत. ओबो या वाद्याने एक स्वर द्यायचा आणि साऱ्यांनी त्याला मिळायचे. आपल्याकडे गवयाच्या गळ्याप्रमाणे षड्ज ठरतो. इथे स्वर ठरलेला, गळा नाही. मुंबईत मी सेकंदाला 440 कंपनांच्या स्वराला सरावलेले, इथे 442. फरक केसाएवढा, पण तेवढ्याने माझे बोट पहिले दोन दिवस तारेवर अडखळत होते.

शेवटच्या रांगेची खरी अडचण वेगळीच. पुढच्या वाद्यांचा नाद मागे पोचेपर्यंत क्षणाचा तुकडा जातो. तो ऐकून आपण वाजवले, तर श्रोत्यांपर्यंत आपला स्वर आणखी उशिरा जातो. मी असा उशीर करू लागले आणि निर्देशक महाशयांची काठी वारंवार आमच्या कोपऱ्याकडे वळू लागली. तेव्हा मला बाबांचे एक वाक्य आठवले. ते मी लहानपणी थट्टेवारी नेत असे: "मागे बसलीस तर कान मिटून डोळे उघडे ठेव. पुढच्याचा गज बघ." मी कानावर भरवसा ठेवणे सोडले आणि पहिल्या चौरंगावरच्या गजाकडे पाहू लागले. तिसऱ्या दिवशी काठी आमच्याकडे वळणे थांबले.

आमच्या कार्यक्रमात मेंडेल्सोनची चौथी सिंफनी होती, जिला 'इटालियन' म्हणतात. विशीतला हा जर्मन तरुण 1830 साली इटलीत आला, इथले ऊन आणि नाच पाहून भारावला, आणि 1833 साली लंडनमध्ये ही सिंफनी प्रथम वाजली. तिचा शेवटचा भाग म्हणजे 'साल्तारेल्लो' या उड्या मारत नाचायच्या नाचाच्या चालीवरचा प्रेस्तो. दुसऱ्या व्हायोलिनांना तिथे तीन-तीन स्वरांचे झुपके श्वास न घेता पळवावे लागतात.

निर्देशक वृद्ध इटालियन होते. त्यांना इंग्रजी बेताचे येई, आणि चिडले की तेवढेही येत नसे. एका सकाळी या पळापळीत कुठेतरी खडा लागला. काठी आपटून ते आमच्याकडे पाहत ओरडले, "सी बेमोल्ले! सी बेमोल्ले!" माझी शेजारीण कोरियाची, पुढची दोघे अमेरिकेतली. त्यांनी स्वर शिकले ते ए, बी, सी अशा इंग्रजी अक्षरांनी. त्यांच्या दृष्टीने 'सी' म्हणजे दुसराच स्वर. सगळे गोंधळले. मला मात्र गिरगावातली ती खोली आठवली. मास्तरांनी बाबांना आणि बाबांनी मला हाच स्वर याच नावाने घोकवला होता. 'सी' म्हणजे आपला नी. तो कोमल करा, एवढेच ते सांगत होते. मी शेजारणीच्या कागदावर पेन्सिलीने खूण केली. निर्देशकांनी ते पाहिले.

"शेवटचा चौरंग. एकटा."

सत्तर माणसांच्या शांततेत आम्ही दोघींनी ते झुपके वाजवले. माझे गुडघे कापत होते, पण स्वर कापले नाहीत. ते म्हणाले, "बेने." मग थोडे थांबून मला विचारले, "तुला इटालियन नावे कुणी शिकवली?"

"वडिलांनी. त्यांना गोव्याच्या मास्तरांनी."

"गोवा," ते म्हणाले, "पोर्तुगीज!" आणि खो खो हसले. दुसऱ्या दिवशी आपल्याला पुढे बसवतील असे मला वाटले होते. तसे काही झाले नाही. मी शेवटपर्यंत शेवटच्याच चौरंगावर होते.

ही स्वरनामे मुळात याच भागात जन्मली. अरेत्सो गाव तिथून फार लांब नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी तिथल्या ग्विदो नावाच्या साधूने एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरे घेऊन 'उत रे मी फा सोल ला' अशी शिडी केली. पुढे 'उत'चा 'दो' झाला आणि वर 'सी' आला. ही शिडी जहाजात बसून पोर्तुगालहून गोव्याला आली, तिथून गिरगावात, आणि माझ्याबरोबर परत इथे.

सुटीच्या दिवशी आम्ही बसने स्पोलेटोला गेलो. जान कार्लो मेनोत्ती या संगीतकाराने 1958 साली तिथे 'दोन जगांचा उत्सव' सुरू केला. युरोप आणि अमेरिका ही ती दोन जगे. तिथला कॅथीड्रलसमोरचा चौक पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरत जातो, जणू देवानेच प्रेक्षागृह बांधून ठेवले आहे. उत्सवाची अखेरची मैफल याच चौकात होते. आम्ही गेलो तेव्हा माणसे घाम पुसत खुर्च्या मांडत होती. आत फिलिप्पो लिप्पी या चित्रकाराची भित्तिचित्रे आहेत आणि त्याची समाधीही आहे. शेजारच्या प्रांतात सिएना. तिथल्या किजियाना संस्थेच्या 1956 सालच्या उन्हाळी वर्गात आपल्या मुंबईचा वीस वर्षांचा झुबिन मेहता निर्देशन शिकत होता. वर्गात सोबतीला क्लाउदिओ आब्बादो आणि अवघा तेरा वर्षांचा दानिएल बारेनबॉइम. एका वर्गखोलीच्या नशिबी किती असावे!

आणि मग मैफलीला तीन दिवस राहिले असताना तिने दगा दिला.

सकाळी पेटी उघडली, तर खालच्या अंगाला फळी आणि कड यांचा सांधा सुटून नखभर फट पडली होती. मुंबईच्या पावसाळ्यात फुगलेले लाकूड उंब्रियाच्या कोरड्या उन्हात आकसले होते. मी मटकन खाली बसले. गावात एक वाद्ये दुरुस्त करणारा होता. त्याने वाद्य कानाशी धरून बोटाने टकटक केली. "लाकूड शाबूत आहे," तो म्हणाला. "सरस सुटला. सुटायलाच हवा. सरस पक्का असता तर फळी चिरली असती." व्हायोलिन जोडायला प्राण्यांच्या कातड्याचा सरस वापरतात तो याचसाठी. त्याने गरम सरस भरला, शिकंजे लावले आणि उद्या ये म्हणाला. तेवढ्यात त्याने फटीतून दिवा पाडून चिठ्ठी वाचली.

"इथून क्रेमोनाला जाणार आहे," मी अभिमानाने सांगितले.

तो माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला. "जा," तो म्हणाला. "सुंदर गाव आहे." पैसे मात्र त्याने अर्धेच घेतले.

मैफल गावच्या चर्चसमोर, उघड्यावर, रात्री नऊला होती. डोंगरावरचा वारा सुटला, म्हणून आम्ही कागदांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. चाळीतल्या दोऱ्यांवरचे आणि तिथले चिमटे एकाच जातीचे! सुरुवातीला मास्कान्यीच्या 'काव्हाल्लेरिया रुस्तिकाना'तले मधले वाद्यसंगीत होते. सगळी व्हायोलिने एका गळ्याने गाऊ लागली, आणि मनोऱ्यावरची घंटा ठणठणू लागली. त्या रात्री तिचे घड्याळ मागे पडले असावे. एखादा दुसरा चिडला असता. आमच्या म्हाताऱ्यांनी हातातला स्वर तसाच धरून ठेवला, नऊ ठोके पुरे होऊ दिले, आणि मगच पुढे सोडला. फेर्माता म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. नंतर साल्तारेल्लो आला. पाने उलटणे, चिमटा काढणे, चिमटा लावणे, आणि त्यातून ते झुपके. श्रोत्यांतल्या कुणालाही माझा वेगळा स्वर ऐकू आला नसेल. पण मी थांबले असते, तर काहीतरी पातळ झाले असते, हे मला माझ्या हाताला कळत होते. बाबांनी पंचवीस वर्षे हेच केले होते.

त्याच रात्री मी फोन करून खरे सांगून टाकले. "बाबा, मी मधल्या रांगेत नव्हते. शेवटच्या रांगेत होते. पाने उलटत होते."

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "मध्ये बसणारा माणूस रोज गजाबद्दल विचारत नाही."

क्रेमोना उत्तरेला, सपाट मुलखात. एकशे बारा मीटर उंचीचा घंटेचा मनोरा दुरूनच दिसतो. सोळाव्या शतकात आंद्रेआ आमातीने इथे व्हायोलिने घडवली, आणि त्या परंपरेत स्त्रादिवारी झाला. तो 1737 साली वारला. त्याच्या हातची सुमारे साडेसहाशे वाद्ये आज जगात शिल्लक आहेत असे मानतात. ज्या चर्चमध्ये त्याला पुरले, ते 1869 साली पाडले गेले. आता तिथे बाग आहे. 2013 साली उघडलेल्या व्हायोलिन-संग्रहालयात त्याची वाद्ये काचेत उभी आहेत. मधूनमधून ती बाहेर काढून वाजवतात, कारण न वाजणारे व्हायोलिन मुके होते म्हणे. आजही या गावात शंभरावर कारागिरांच्या कार्यशाळा आहेत.

त्यांपैकी एकीत मी शिरले. कारागीर बाई होती, माझ्याच वयाची. तिने व्हायोलिन उलटसुलट केले, मळसूत्रासारखे कोरलेले डोके पाहिले, आरसा घालून आत पाहिले. मग हळूच म्हणाली, "ही क्रेमोनाची नाही."

सॅक्सनी आणि बोहेमियातल्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशी हजारो व्हायोलिने केली, तिने समजावले. त्यांत स्त्रादिवारीच्या नावाची चिठ्ठी सर्रास डकवीत. फसवण्यासाठीच असे नाही. हा नमुना कुणाचा, ते सांगण्यासाठीही. हीही बहुधा तिकडचीच, 1900च्या आसपासची.

माझा चेहरा पाहून तिने व्हायोलिन उजेडात धरले. "पण हे बघ. ही जुनी चीर कुणीतरी फार चांगली सांधली आहे. आणि इथे बोटांनी लाकूड झिजले आहे. काचेतल्यांपैकी कित्येकींना एवढे वाजवलेले नाही." मी मोबदला विचारला तर तिने मान हलवली.

परतीच्या प्रवासात एकच विचार होता: बाबांना सांगायचे की नाही? मधल्या रांगेचे खोटे एकदा पचले नव्हते. घरी पोचल्यावर पेटी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळे सांगितले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी ती बाहेर काढली, खालच्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

"सरस छान भरलाय," ते म्हणाले. "कुणी भरला?"

मी सांगितले. त्यांनी चारी तारा मिळवल्या, हनुवटीखाली धरली, मग माझ्याकडे पाहिले.

"माहेर जर्मनीचं का असेना," बाबा म्हणाले, "नांदली तर इथे ना?"

आणि त्यांनी गज उचलला.