गिरणगावातला नवा शेजार

मुंबईस लालबागेकडून परळच्या दिशेने पायी निघालेल्या माणसास आज एक चमत्कारिक देखावा दिसतो. एका हाताला तीन मजली जुनी चाळ उभी असते. तिच्या गॅलरीत कपडे वाळत असतात, आणि खालच्या गाळ्यात डंखावर मिरची कुटली जात असल्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दोन शिंका आल्यावाचून राहत नाहीत. दुसऱ्या हाताला, वीस पावलांवर, पन्नासेक मजल्यांचा मनोरा असतो. त्याचे पहिले सात-आठ मजले नुसत्या मोटारी ठेवण्याचे, आणि फाटकाशी गणवेशातला पहारेकरी वही घेऊन बसलेला. चाळीतली माणसे त्या मनोऱ्यास ‘टॉवर’ म्हणतात. टॉवरमधली माणसे चाळीस काय म्हणतात हे आम्ही विचारले, तेव्हा एका सज्जनांनी जरा थांबून ‘समोरची बाजू’ असे उत्तर दिले.

या दोन बाजूंमध्ये कुरबुर आहे. गणपतीच्या दिवसांत एका टॉवरच्या दाराशी आम्ही ऐकलेला संवाद असा होता. एक तरुण बाई म्हणाल्या, “काका, हा ढोल अजून किती वेळ चालणार? माझं बाळ सहा महिन्यांचं आहे हो.” काका मंडळाचे जुने कार्यकर्ते. ते म्हणाले, “ताई, आमची तिन्ही पोरं ह्याच ढोलात झोपली. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.” दोघेही खोटे बोलत नव्हते. बाई तक्रार करून घरात गेल्या, काका हात जोडून मंडपात गेले, आणि ढोल चालूच राहिला. असेच खटके मासळीच्या वासावरून उडतात, मिरचीच्या खकाण्यावरून उडतात, फुटपाथवरच्या भाजीवालीवरून उडतात. वरवर पाहणारा म्हणतो, संस्कृतीचा फरक आहे, दुसरे काय! आम्हांस हे निदान पुरेसे वाटत नाही. ढोल आणि मासळी हे भांडणाचे निमित्त आहे. भांडणाचे मूळ जमिनीच्या हिशोबात आहे, आणि तो हिशोब या दोघांपैकी कोणीच मांडलेला नाही. आज तोच आपल्यापुढे उलगडून ठेवण्याचा विचार आहे.

कष्टकऱ्यांच्या वस्तीत सधन लोक राहावयास येतात आणि हळूहळू वस्तीच पालटते, या घटनेस इंग्रजीत ‘जेंट्रिफिकेशन’ म्हणतात. हा शब्द रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनविषयी लिहिताना वापरला. ‘जेंट्री’ म्हणजे खानदानी जमीनदार वर्ग. त्यावरून थोडा चिमटा काढूनच त्यांनी तो घडवला होता. इस्लिंग्टन, नॉटिंग हिल अशा भागांतली मजुरांची घरे मध्यमवर्गीय विकत घेऊ लागले होते. भाड्यांवरचे नियंत्रण १९५७ च्या कायद्याने सैल झाल्यामुळे जुन्या भाडेकरूंना तिथे टिकणे कठीण होत गेले होते. म्हणजे लंडनात नवा माणूस आला तो जुन्याच्या जागी. मुंबईत तसे झाले नाही. तेथे नवा आला तो जुन्याच्या शेजारी, पुष्कळदा त्याच भूखंडावर, आणि गंमत अशी की जुन्याचे घर बांधून देण्याच्या अटीवर. मराठीत या प्रकाराला रुळलेला शब्द नाही. आपण ‘वस्ती पालटणे’ एवढेच म्हणू.

आधी हे गिरणगाव वसले कसे ते पाहू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या पन्नास वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी हा सारा पट्टा धुराड्यांनी भरला. गिरण्यांना माणसे हवी होती. ती कोकणातून बोटीने आणि घाटावरून आगगाडीने आली. आपल्यापैकी ज्यांचे मूळ गाव रत्नागिरी, सातारा किंवा कोल्हापूरकडचे आहे, त्यांच्या घरात एखादे आजोबा किंवा चुलते मुंबईला गिरणीत होतेच. ते राहत होते गावकीच्या खोलीत. दहा बाय बाराच्या खोलीत एका गावची वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीचा उठला की त्याच वळकटीवर रात्रपाळीचा पडे. जेवण खानावळीत. ती चालवणारी बाई बहुधा कोणा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांसाठी. तेव्हा चाळीतला जुना रहिवासी हा मुळात एके काळचा नवागतच होय. तोही आला तेव्हा कोळी आणि वाडीवाले तेथे आधीपासून होते, आणि त्यांना विचारून गिरण्या निघाल्या नव्हत्या.

पुढे १८ जानेवारी १९८२ चा संप झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही. पण गिरणी बंद पडली तरी तिच्याखालची जमीन बंद पडत नाही. सुमारे सहाशे एकर जमीन, आणि तीही शहराच्या मधोमध! १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या अठ्ठावन्नाव्या नियमाने तिची वाटणी ठरवली. स्थूलमानाने एक तृतीयांश महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठी, उरलेली मालकास. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता, जेथे बांधकाम नव्हते तेवढ्याच मोकळ्या जमिनीची झाली. गिरणी म्हटली की सारी जमीन शेडखालीच असते. वाटण्यास उरले काय? उच्च न्यायालयाने २००५ साली याविरुद्ध निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती कायम ठेवली. एका नियमातले चार शब्द बदलल्याने शहराची किती मैदाने गेली, याचा हिशोब शाळेच्या मुलांकडून एकदा करून घ्यावा असे आमच्या मनात नेहमी येते. कामगारांच्या घरांसाठी मात्र पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले, आणि २०१२ साली पहिली सोडत निघाली ती सात हजारांच्या आतल्या घरांची. टॉवरमधली ती तरुण बाई या निर्णयांच्या वेळी कदाचित शाळेतही जात नसेल.

आता चाळींकडे वळू. गिरणी गेली तरी चाळकरी राहिला, कारण १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्यास हलवता येत नव्हते आणि भाडे जुन्या पातळीवर गोठले होते. भाडेकरू सुरक्षित झाला, पण मालकाने डागडुजी सोडली. इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६९ साली सरकारने दुरुस्तीसाठी उपकर बसवला. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांहून अधिक होत्या. नुसत्या टेकूंनी त्या किती वर्षे उभ्या राहणार! म्हणून पुढे पुनर्विकासाची युक्ती निघाली. ती सरकारच्या तिजोरीस तोशीस न लावणारी असल्यामुळे सर्वांस फारच पसंत पडली.

ही युक्ती चटईक्षेत्र निर्देशांकावर चालते. शब्द अवघड आहे, कल्पना सोपी आहे. भूखंड एक हजार चौरस मीटरचा आणि निर्देशांक तीन असेल, तर त्यावर सारे मजले मिळून तीन हजार चौरस मीटर बांधता येते. समजा, चाळीत पन्नास भाडेकरू आहेत. प्रत्येकास तीस चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे सव्वातीनशे चौरस फुटांचे घर फुकट द्यावयाचे. त्यात दीड हजार गेले. उरलेले दीड हजार बिल्डरने बाजारात विकावयाचे. भाडेकरूंच्या घरांचा खर्च, बांधकाम होईतो त्यांना द्यावयाचे भाडे, कर्जावरचे व्याज आणि बिल्डरचा नफा, हे सारे त्या विकलेल्या दीड हजारांतून निघाले पाहिजे. अर्थात नवा माणूस एक फूट विकत घेतो तेव्हा दोन फुटांच्या बांधकामाचे पैसे मोजतो. भाडेकरू जितके जास्त तितका विक्रीचा भाग कमी पडतो, म्हणून निर्देशांक वाढवून मागावा लागतो, आणि मनोरा आणखी वर चढतो.

म्हणजे या दोघांची गाठ विधात्याने नव्हे, निर्देशांकाने मारलेली आहे. जुन्याचे घर नव्याच्या पैशांतून उभे राहते. नव्याचे घर जुन्याच्या संमतीवाचून उभे राहत नाही, कारण ठरावीक टक्के भाडेकरूंनी सही केल्याशिवाय योजनाच मंजूर होत नाही. परंतु इमारत उभी राहिल्यावर दिसते काय? भाडेकरूंची इमारत मागे, पुष्कळदा दाटीवाटीने. विक्रीचा मनोरा पुढे, उजेडात. फाटके दोन. बाग आणि पोहण्याचा हौद पुढच्यांचा. मधल्या भिंतीच्या अलीकडचा म्हणतो, “आमच्या जमिनीवर येऊन आम्हालाच बाहेर काढलं.” पलीकडचा म्हणतो, “ह्यांना फुकट मिळालं आणि मी वीस वर्षं हप्ते फेडतोय.” आम्ही दोघांचेही ऐकून घेतले आहे आणि दोघांचाही संताप आम्हांस खरा वाटतो. फक्त तो चुकीच्या पत्त्यावर जातो.

येथे कोणी म्हणेल, हा मराठी-अमराठी असा वाद आहे. तसे थोडे आहेही. वरळीलगतच्या परळास ‘अप्पर वरळी’ म्हणून विकणाऱ्या जाहिराती वाचल्या की कोणाही परळकराचे डोके फिरावे. पण टॉवरमध्ये मराठी डॉक्टर आहेत, मराठी वकील आहेत. ज्यांचे वडील गिरगाव सोडून मुलुंडला गेले त्यांची मुले आहेत. ढोलाविरुद्ध पहिला अर्ज करणारा पुष्कळदा यांच्यातलाच असतो. आणि अर्ज अगदीच गैर असतो असेही नाही. २००० सालच्या ध्वनिनियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. वर्षातले मोजके दिवस ती मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते, त्यापुढे नाही. लालबागच्या बाजारात कोळी आणि व्यापारी मंडळींनी १९३४ साली गणपती बसवला तेव्हा भिंतीएवढे कर्णे नव्हते. परंपरा म्हणून जे सांगितले जाते त्यातला बराचसा आवाज अलीकडचा आहे, हे जुन्या मंडळींनी मान्य करावयास हरकत नसावी.

दोघांना एकत्र चेंगरणारी गोष्ट निराळीच आहे. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, त्यांत रोज विरार-डोंबिवलीहून माणसे येऊ लागली. पण स्टेशने, पूल आणि गल्ल्या गिरणीच्या काळच्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली. तेवीस माणसे गेली. त्यानंतर लष्कराला बोलावून नवा पूल काही महिन्यांत उभा केला गेला. काही महिन्यांत होण्याजोगे काम इतकी वर्षे का राहिले, हा प्रश्न चाळीने आणि टॉवरने मिळून विचारला असता तर तो अधिक मोठ्याने ऐकू गेला असता.

घर मिळाल्यानंतरची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आमच्या ओळखीचे एक कुटुंब तीन पिढ्या लालबागच्या एका चाळीत होते. आजोबा साच्यावर होते, वडील संपात घरी बसले. नवी इमारत होईतो सात वर्षे त्यांनी भाड्याच्या खोलीत काढली आणि अखेर नवव्या मजल्यावर घर मिळाले. स्वतःचा संडास, नळाला पाणी. चाळीत सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहिलेल्या बाईस याचे मोल काय, हे आम्ही तुम्ही बोलू नये. पण चाळीचे भाडे महिन्याला शंभर रुपयांच्या आत होते. नव्या घराचा देखभालखर्च हजारांच्या घरात गेला. लिफ्ट दोन, पंप, आग विझवण्याची यंत्रणा, पहारेकरी. बिल्डरने ठेव म्हणून जी रक्कम दिली होती तिचे व्याज दर वर्षी तेवढेच, आणि खर्च दर वर्षी वाढता. खालची खानावळ गेली, उधारीवर देणारा वाणी गेला, त्या जागी कॉफीचे दुकान आले. मुलाची नोकरी दुकानातली. त्याने दोन वर्षे ओढाताण केली, मग कागदावर आकडे मांडले आणि आईला म्हणाला, “आई, हे घर आपल्याला परवडत नाही. भाड्यानं देऊ आणि बदलापूरला राहू.” त्यांना तेथून कोणी घालवले नाही. कोणी नोटीस दिली नाही, कोणी भांडले नाही. जे कायद्यास पन्नास वर्षे जमू दिले गेले नाही, ते महिन्याच्या बिलाने दोन वर्षांत केले.

त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपे भाड्याने राहते. दोघेही जवळच्या कचेरीत कामास आहेत आणि वागायला चांगले आहेत. गणपतीत आजी बदलापूरहून येतात. गेल्या खेपेस आम्ही बरोबर होतो. फाटकाशी पहारेकऱ्याने वही पुढे केली. आजींनी चष्मा लावून नाव लिहिले. पुढच्या रकान्यात कोणाकडे जावयाचे ते लिहावयाचे होते. तेथे त्या थोडा वेळ थांबल्या आणि आम्हांस म्हणाल्या, “काय लिहू रे बाळा, नऊशे तीन आमचंच आहे की.”