साडेपाच फर्लांगांची वाट

दानधर्म आणि घोड्यांची शर्यत या दोन गोष्टी एका दमात उच्चारल्या, तर पांढरपेशा मनाला ते काहीसे चमत्कारिक वाटते. शर्यत म्हटली की जुगार डोळ्यांपुढे येतो. पागा म्हटली की संस्थानिक आणि धनिक. इंग्लंडमध्येही समजूत फारशी वेगळी नाही. ससेक्स परगण्यातील गुडवुडच्या मैदानावर २०११ पासून भरणारी मॅग्नोलिया चषकाची शर्यत ही वरवर पाहता अशाच श्रीमंती थाटाची गोष्ट आहे. तीत भाग घेणाऱ्या सर्व स्त्रिया हौशी असतात आणि जमणारा निधी धर्मादाय कार्याला जातो. परंतु १ ऑगस्ट २०१९ रोजी या शर्यतीत जे घडले, त्याने दान कोणाचे आणि घोडा कोणाचा, असे दोन प्रश्न उभे केले.

त्या दिवशी पहिली आली ती खदीजा मेल्लाह ही अठरा वर्षांची मुलगी. ती दक्षिण लंडनमधील पेकहॅमची. तिच्याबरोबर धावणाऱ्यांत २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सायकलिंगची सुवर्णपदके मिळविणारी व्हिक्टोरिया पेंडलटनही होती. हिजाब घालून ब्रिटनमधील घोड्यांच्या शर्यतीत उतरणारी खदीजा ही पहिलीच स्वार. वृत्तपत्रांनी हिजाबाची छायाचित्रे छापली, ते स्वाभाविकच होते. तथापि खरी बातमी शिरोवस्त्रात नव्हती. ती त्याआधीच्या काही महिन्यांत होती.

खदीजा घोड्याला नवखी नव्हती. ब्रिक्स्टन या वस्तीत १९९६ पासून ‘एबनी हॉर्स क्लब’ नावाची धर्मादाय संस्था आहे. ज्या मुलांना घोडा केवळ चित्रातच दिसायचा, त्यांना ती घोड्यावर बसविते. खरारा करणे, तबेला झाडणे, वैरण घालणे हेही शिकविते. या संस्थेचे पत्रक खदीजाच्या आईच्या हाती पडले ते मशिदीत. मुलीचा हट्ट आणि आईची नजर यांची गाठ अशी एका कागदाने पडली. परंतु क्लबातील सोशिक घोडा वेगळा आणि शर्यतीचा घोडा वेगळा. शर्यतीच्या घोड्यावर ती पहिल्यांदा बसली ती २०१९ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे हाती होते जेमतेम चार महिने.

या चार महिन्यांत काय शिकावयाचे असते, याची सामान्य प्रेक्षकाला कल्पना नसते. नेहमीच्या स्वारीत मांड पक्की असावी लागते. शर्यतीत मांड सोडून द्यावी लागते. रिकिबी आखूड केलेल्या असतात, स्वार खोगिरावर बसत नाही. गुडघे आणि पोटऱ्या यांच्या बळावर तो घोड्याच्या पाठीवर अधांतरी तोल सांभाळतो, म्हणजे घोड्याची पाठ मोकळी राहते. खाली सुमारे पाचशे किलो वजनाचे जनावर ताशी पंचावन्न-साठ किलोमीटर वेगाने धावत असते. लगाम फार ओढावा तर घोडा अधिकच जोर करतो. फार सैल सोडावा तर ताबा जातो. पहिले धडे यांत्रिक घोड्यावर घेतात, कारण तो थकत नाही आणि बिचकतही नाही. पुढचे खऱ्या घोड्यावर, भल्या पहाटे. न्यूमार्केट येथे चार्ली फेलोज यांच्या पागेतील हॅवरलँड हा घोडा खदीजाला मिळाला. याच काळात तिची शालान्त परीक्षा होती आणि मे महिन्यात रमजानही आला. तेथे त्या दिवसांत पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत सतरा-अठरा तास होतात. स्वारी, अभ्यास आणि रोजे ही तिन्ही ओझी तिने एकाच वेळी वाहिली.

आणि शर्यत? साडेपाच फर्लांगांची, म्हणजे अकराशे मीटरची. सव्वा मिनिटाच्या आत सारे संपते.

सव्वा मिनिटाच्या धावेसाठी एवढा खटाटोप कशाला, निधीच द्यावयाचा तर थेट का देऊ नये, असा रोकडा प्रश्न येथे विचारता येईल. तो चुकीचा नाही. परंतु वर्गणी मागणाऱ्याला आपले काहीतरी पणाला लावावे लागते, ही रीत सर्वत्र आहे. गणपतीची वर्गणी असो की शाळेच्या इमारतीचा निधी असो, मागणारा स्वतः राबताना दिसला तरच देणाऱ्याचा हात सैल होतो. हौशी स्वाराचे घामाचे महिने हे त्याचे तारण असते. धंदेवाईक जॉकीने तीच शर्यत जिंकली असती तर कोणी वर्गणीसाठी खिशात हात घातला नसता.

दुसरा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. एका मुलीच्या विजयाने पागेचे दार उघडले असे मानावे काय? विजयाचा एक धोका असतो: दार बंद ठेवणाऱ्यांना तो सबब पुरवितो. ‘ती आली ना, मग इतरांनी का येऊ नये?’ असे म्हणणे सोपे जाते. गरीब घरातील एखादा विद्यार्थी गुणवत्ता यादीत झळकला की त्याच्या शाळेला ग्रंथालय नाही हे जसे विसरले जाते, तसेच हे. खदीजाच्या मागे आईला मिळालेले पत्रक होते, वस्तीतला तबेला होता, आपला घोडा नवख्या हाती देणारा प्रशिक्षक होता. यांतील एक दुवा गळला असता तर तिची जिद्द पेकहॅममध्येच राहिली असती.

समाधानाची गोष्ट ही, की तिच्या विजयानंतर केवळ टाळ्या वाजवून कोणी थांबले नाही. २०२१ मध्ये ‘रायडिंग अ ड्रीम अकॅडमी’ सुरू झाली. उपेक्षित समाजांतील आणि हलाखीच्या परिस्थितीतील किशोरवयीन मुलामुलींना शर्यतीच्या घोड्यांचे शिक्षण द्यावे, हा तिचा हेतू. तिच्या एका शिष्यवृत्तीला खदीजाचेच नाव आहे. खदीजा स्वतः पुढे यंत्र अभियांत्रिकीच्या शिक्षणाकडे वळली. तिला जॉकी व्हावे लागले नाही, ही गोष्टही ध्यानात घ्यावयास हवी. सधन घरातील मुलांना एखादा छंद जोपासून नंतर सोडून देता येतो. तो हक्क इतर मुलांनाही असावा. अशी मुले आता न्यूमार्केटला पहाटे घोड्यांना खरारा करू लागली आहेत. त्यांतली किती जण चषक जिंकतील, हा हिशेब आज मांडण्याचे कारण नाही.